विनामूल्य टी. व्ही. आणि ‘एच. डी.’ बॉक्सची पारख

‘फुकट ते पौष्टिक’ अशी एक थट्टेची म्हण आपल्याकडे आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची पारख करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, हा त्या म्हणीतला टोमणा. विनामूल्य दूरचित्रवाणीच्या बाबतीत तो तंतोतंत लागू पडतो. आकाशातून येणारे चित्र फुकट आहे. परंतु ते घरात आणणारा सेट-टॉप बॉक्स विकतच घ्यावा लागतो, आणि फसगत होते ती नेमकी तेथे. दुकानात मांडलेल्या दहा बॉक्सपैकी आठांवर ठळक अक्षरांत ‘एच. डी.’ छापलेले असते. ही दोन अक्षरे वाचून पैसे मोजणाऱ्याला एच. डी. चित्र मिळेलच असे नाही. असे का होते आणि थोड्या पैशांत योग्य बॉक्स कसा निवडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय शास्त्र शाखेचा आहे, कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. माझे उत्तर असे की, हा प्रश्न जितका तंत्राचा तितकाच अर्थशास्त्राचा आणि नागरिकशास्त्राचाही आहे. मी राहतो ते माधवनगर सांगलीला लागून, तासगाव रस्त्यावर आहे. वारांच्या नावांच्या पेठा आणि यंत्रमागांचा खडखडाट ही आमच्या गावाची ओळख. मागावर काम करणाऱ्या घरात दोन हजार रुपये एकदम काढणे ही विचार करून करावयाची गोष्ट असते. गेल्या दोन वर्षांत आमच्या पेठेतील पाच-सहा घरांनी मला ‘कोणता बॉक्स घेऊ?’ असे विचारले. त्यांना तोंडी सांगितलेले येथे व्यवस्थित मांडीत आहे.

सेवा कोणती?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे गच्चीवरचा ऍल्युमिनियमचा अँटेना हेच फुकट चित्राचे साधन होते. तो काळ आता संपला आहे. मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रे वगळून दूरदर्शनने आपली जुन्या पद्धतीची जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद केली. दुसरीकडे केबलचेही रूप पालटले. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली. उरलेल्या शहरांसाठी ३१ डिसेंबर २०१५ आणि ग्रामीण भागासाठी अखेर ३१ मार्च २०१७ अशी मुदत होती. तेव्हापासून केबलच्या घरातही बॉक्स आला आणि दरमहा पैसे भरल्याशिवाय चित्र दिसेनासे झाले.

या दोहोंच्या मधली वाट म्हणजे प्रसार भारतीची ‘डीडी फ्री डिश’ ही सेवा. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांनिशी ती सुरू झाली. आज ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला. या सेवेला मासिक वर्गणी नाही, ‘रिचार्ज’ नाही. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाच होणारा खर्च सुमारे २,००० रुपये, असे सरकारी माहितीपत्रकांत सांगितले जाते. २०२४ मध्ये देशातील सुमारे ४ कोटी ९० लाख घरांत ही सेवा पोहोचली होती, असा अंदाज आहे. म्हणजे हा काही कोपऱ्यातला विषय नव्हे.

पाचपट ठिपके

‘एच. डी.’ म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. पडद्यावरचे चित्र हे बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. साध्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ असे एकूण ४,१४,७२० ठिपके असतात. पूर्ण एच. डी. चित्रात १,९२० गुणिले १,०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. भागाकार करून पाहिल्यास उत्तर बरोबर पाच येते. चेंडूची शिवण, बातम्यांच्या पट्टीवरील बारीक अक्षरे, नकाशावरील गावांची नावे जी स्पष्ट दिसतात ती या पाचपटीमुळे.

पण पाचपट ठिपके पाठवायचे तर पाचपट जागा हवी. एका सेकंदात २५ चित्रे आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट असा हिशेब केला, तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट पाठवावे लागतील. उपग्रहावरून असा लोंढा एकेका वाहिनीसाठी पाठविणे अशक्य आहे. म्हणून चित्राची घडी घालतात. निवेदिका बातम्या देत असते तेव्हा तिच्या मागची भिंत हलत नाही. हलतात ते ओठ आणि पापण्या. तेव्हा भिंत पुनःपुन्हा न पाठविता जेवढे बदलले तेवढेच पाठवावे, हे या घडीचे मुख्य तत्त्व.

घडी घालण्याच्या दोन पद्धती आपल्या कामाच्या आहेत. एमपेग-२ ही जुनी, १९९० नंतरच्या दशकातली. तिच्यानंतरची एमपेग-४; तिचा येथे वापरला जाणारा प्रकार २००३ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाला. तेवढ्याच दर्जाचे चित्र ही नवी पद्धत साधारण निम्म्या जागेत बसविते. उपग्रहावरून संदेश पाठविण्याच्या रीतीतही अशीच जुनी-नवी जोडी आहे : डीव्हीबी-एस आणि डीव्हीबी-एस२. दुसरीत पहिलीपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक माल मावतो.

आता मुख्य मुद्दा. ज्याने घडी घातली त्याच्याच पद्धतीने ती उलगडावी लागते. फ्री डिशवर काही वाहिन्या एमपेग-२ मध्ये आणि काही एमपेग-४ मध्ये येतात. डीडी नॅशनल आणि डीडी न्यूज यांच्या एच. डी. आवृत्त्या एमपेग-४ मध्ये येतात. एमपेग-४ जाणणाऱ्या बॉक्सला जुनी घडीही उलगडता येते. एमपेग-२ चा बॉक्स मात्र नव्या घडीपुढे निरक्षर असतो. मोडी न येणाऱ्यापुढे मोडी कागद ठेवावा, तशी त्याची अवस्था होते. कागद समोर आहे, शाई स्पष्ट आहे. पण वाचता येत नाही.

नाव सोनुबाई

मग एमपेग-२ च्या बॉक्सवर ‘एच. डी.’ कसे छापले जाते? त्यातली खोच अशी. बॉक्सच्या पाठीमागे एच. डी. एम. आय. नावाची एक चपटी खाच असते. ती असली की विकणारा ‘एच. डी.’ म्हणतो, आणि ‘१०८०’ हा आकडाही छापतो. हा आकडा बॉक्समधून बाहेर पडणाऱ्या चित्राचा असतो, आत येणाऱ्या चित्राचा नव्हे. बॉक्स आत साधे, सव्वाचार लाखांच्या आतल्या ठिपक्यांचे चित्र घेतो, ते ताणून वीस लाख ठिपक्यांवर पसरवितो आणि टी. व्ही.कडे पाठवितो. पाव किलो दुधात सव्वा किलोचे भांडे भरेल इतके पाणी घातले, तर भांडे भरते. दूध वाढत नाही. छापलेला शब्द अगदीच खोटा आहे असे म्हणता येत नाही, पण घेणाऱ्याचा समज मात्र चुकीचा होतो. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण जणू याच बॉक्ससाठी केली असावी!

आमच्या पेठेतील एका यंत्रमाग कामगाराच्या घरी हेच घडले. दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी नवा टी. व्ही. घेतला आणि त्याला शोभेसा म्हणून ‘फुल एच. डी.’ असे छापलेला बॉक्स घेतला. बॉक्स बसवून पाहिला, तर वाहिन्यांच्या यादीत एच. डी. वाहिनी एकही नाही. ते परत दुकानात गेले तेव्हा उत्तर मिळाले, “एच. डी.च हाय की काका, वाचा की खोक्यावर!” काका वाचायला शिकले होतेच, खोक्यावर खरोखरच तसे छापले होते. जे वाचायला हवे होते ते मात्र खोक्याच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरांत होते : एमपेग-२. बॉक्स बदलून मिळाला नाही, कारण पावती नव्हती. दोष एका दुकानाचा म्हणून मी हे सांगत नाही. ज्या बाजारात विकणारा जाणतो आणि घेणारा जाणत नाही, तेथे चांगला माल आणि सुमार माल एकाच नावाने विकला जातो. हा अर्थशास्त्रातला परिचित नियम आहे, आणि यावर उपाय एकच : घेणाऱ्याने जाणते होणे.

पारखीचे पाच प्रश्न

जाणते होण्यास फार विद्या लागत नाही. पुढील पाच प्रश्न पुरेसे आहेत.

(१) माझा टी. व्ही. कोणता? सुरुवात दुकानातून नव्हे, घरातून करावी. जुना, पाठीमागे फुगीर असलेला टी. व्ही. असेल व त्याला पिवळी-पांढरी-लाल अशा तीनच खाचा असतील, तर एच. डी. चित्र त्यावर दिसणार नाही. एच. डी. एम. आय. खाच असलेला पातळ टी. व्ही. असेल तरच एच. डी.चा विचार करावा. पातळ टी. व्ही.तही भेद आहे. ‘एच. डी. रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक संचांत १,३६६ गुणिले ७६८ म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. पूर्ण एच. डी.च्या ते निम्मे असले, तरी साध्या चित्राच्या अडीचपट आहेत; म्हणून तेथेही फरक दिसतो.

(२) टी. व्ही.तच बॉक्स आहे काय? काही संचांत उपग्रहाचा संदेश घेणारे यंत्र आतच बसविलेले असते. भारतीय मानक ब्युरोने अशा संचांसाठी आयएस १८११२ : २०२२ हे मानक केले आहे. टी. व्ही.च्या पाठीमागे छत्रीची वायर पिळून बसविण्याची गोल आट्यांची खाच असेल, तर माहितीपुस्तिकेत ‘सॅटेलाइट’ किंवा ‘डीव्हीबी-एस२’ हा शब्द शोधावा. तो सापडला तर छत्रीची वायर थेट तेथे जोडून पाहावी. बॉक्सचे पैसे वाचले!

(३) बॉक्स एमपेग-४ आणि डीव्हीबी-एस२ दोन्ही जाणतो काय? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. खोक्यावर हे दोन्ही शब्द शोधावेत. ‘एच. डी.’, ‘फुल एच. डी.’, ‘१०८०’ आणि ‘४के’ हे शब्द वाचलेच नाहीत असे समजावे. प्रसार भारतीने काही उत्पादकांना अधिकृत केले आहे. त्यांच्या बॉक्समध्ये ‘आय-कॅस’ नावाची व्यवस्था असते. तसा बॉक्स मिळाल्यास चांगलेच. त्यामुळे मासिक शुल्क लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

(४) दुकानात लावून दाखविता का? हातच्या कंकणाला आरसा कशाला? दुकानाच्या छतावर बहुधा छत्री असतेच. बॉक्स जोडून डीडी नॅशनल एच. डी. लावायला सांगावे. वाहिनी यादीतच न येणे, किंवा आवाज येऊन चित्र न येणे, या दोन्हींचा अर्थ एकच : हा बॉक्स आपला नव्हे. चित्र आले, तर तीच वाहिनी साध्या आवृत्तीत लावून शेजारी-शेजारी तुलना करावी. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि तिच्यापुढे कोणत्याही छापील अक्षराचे काही चालत नाही.

(५) पावती, हमी आणि नोंदणी आहे काय? सेट-टॉप बॉक्सला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बॉक्सवर असावा. पावतीवर बॉक्सचे नाव आणि ‘एमपेग-४’ हा शब्द लिहून घ्यावा. पुढे तक्रार करण्याची वेळ आली, तर हा एक शब्द वकिलाइतका उपयोगी पडतो. तसेच रिमोट आणि अडॅप्टर सुटे मिळतात का, हे विचारावे. बॉक्सपेक्षा या दोनच वस्तू आधी बिघडतात, असा अनुभव आहे.

या पाच प्रश्नांत न बसणाऱ्या सोयींसाठी जादा पैसे देऊ नयेत. ‘हजार चॅनेल’, ‘आयुष्यभर मोफत’ हे शब्द निरर्थक आहेत. सेवा मुळातच मोफत आहे आणि वाहिन्या बॉक्स बनविणाऱ्याच्या हातात नाहीत.

छत्री कोणीकडे?

उत्तम बॉक्सही चुकीच्या दिशेच्या छत्रीखाली आंधळाच असतो. जीसॅट-१५ विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या वर, अंदमान-निकोबारच्या दक्षिणेस स्थिर दिसतो. माधवनगरचे अक्षांश-रेखांश घेऊन मी गणित मांडले. येथून तो उपग्रह सुमारे ३६,५०० किलोमीटर दूर आहे. त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुमारे १३० अंश, म्हणजे जवळजवळ आग्नेय. आणि क्षितिजापासून उंची सुमारे ६० अंश.

ही उंची आपल्या दाट पेठांना सोयीची आहे. आग्नेयेस दहा फुटांवर शेजाऱ्याची भिंत असेल, तर ती छत्रीपेक्षा साडेसतरा फुटांहून अधिक उंच असेल तरच आड येईल. एरवी अंगणात किंवा पत्र्याच्या कडेलाही छत्री बसू शकते. मात्र झाडाची पाने चालत नाहीत. उन्हाळ्यात बसविलेल्या छत्रीसमोर पावसाळ्यात फांदी वाढली, की चित्र तुटू लागते आणि दोष बिचाऱ्या बॉक्सला दिला जातो. जोराच्या पावसात काही मिनिटे चित्र जाणे हा मात्र या लहरींचा स्वभाव आहे. पावसाचे थेंब त्यांना शोषून घेतात. त्यावर भारी बॉक्स हा उपाय नव्हे. छत्री नेमकी रोखून बसविणे आणि वायरीच्या जोडात पाणी जाऊ न देणे, एवढेच आपल्या हाती आहे.

पैशाचा हिशेब

आता हिशेब करू. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू केलेल्या दरपत्रकात केबल व खाजगी डीटीएचच्या नुसत्या जोडणीसाठी दरमहा १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. त्यावर १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे होतात. वर्षाचे झाले १,८४० रुपये ८० पैसे आणि पाच वर्षांचे ९,२०४ रुपये. सशुल्क वाहिन्यांचे पैसे याखेरीज. २०२४ मध्ये ही मर्यादाही काढून टाकण्यात आली. उलट फ्री डिशचा खर्च एकदाच. साध्या आणि एमपेग-४ बॉक्सच्या किमतींत मला सांगलीच्या बाजारात तीन-चारशे रुपयांचा फरक आढळला. पाच वर्षांवर वाटला, तर तो महिन्याला पाच ते सात रुपये पडतो.

हे पाच-सात रुपये द्यावेत काय? प्रामाणिकपणे सांगायचे, तर फ्री डिशवरील एच. डी. वाहिन्या मोजक्याच आहेत. बाकीच्या वाहिन्या साध्या चित्राच्याच आहेत आणि बॉक्स बदलल्याने त्या सुधारणार नाहीत. ज्यांचा टी. व्ही. जुना आहे आणि गरज दोन-चार वाहिन्यांचीच आहे, त्यांनी एमपेग-२ बॉक्स खुशाल घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. पण टी. व्ही. पातळ असेल, किंवा पुढे-मागे घेण्याचा विचार असेल, तर एमपेग-४ च घ्यावा असे माझे मत आहे. कारण एच. डी.बरोबरच त्या घडीतल्या इतर वाहिन्याही त्याला उघडतात. दुसरे कारण आपल्या विद्यार्थीवर्गाचे आहे. ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्या २०१७ मध्ये जीसॅट-१५ वरूनच सुरू झाल्या. प्रारंभी त्या ३२ होत्या. त्याच छत्रीवर, एक पैसा न देता, इतिहास-अर्थशास्त्रापासून अभियांत्रिकीपर्यंतची व्याख्याने घरात येतात. त्या आपोआप यादीत आल्या नाहीत, तर शोधून घालाव्या लागतात. म्हणून वाहिन्या हाताने शोधण्याची सोय बॉक्समध्ये असावी. ज्या घरात मोबाईलचा डेटा दुपारीच संपतो, त्या घरातील मुलीला याचे मोल अधिक कळेल.

फुकट म्हणजे कोणाच्या खर्चाने?

शेवटी एक तात्त्विक मुद्दा. या सेवेवर खाजगी वाहिन्या धर्मादाय म्हणून येत नाहीत. प्रसार भारती जागांचा लिलाव करते, वाहिन्या बोली लावून जागा घेतात आणि जाहिरातींतून पैसे वसूल करतात. म्हणजे आपण रुपयांऐवजी वेळ मोजतो. आणि बोली लावणारा उठूनही जाऊ शकतो. एप्रिल २०२२ मध्ये चार मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या या सेवेवरून काढून घेतल्या होत्या. तेव्हा ‘अमुक वाहिनी दिसते’ म्हणून बॉक्स घेऊ नये. कायम राहणारा भाग सह्याद्रीसारख्या दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्यांचा आहे.

या भागावर आपला हक्क आहे, आणि तो न्यायालयाने मान्य केलेला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरींचा, म्हणजेच ज्यांवरून प्रक्षेपण होते त्या लहरींचा, प्रश्न निकाली काढताना त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत असे सांगितले. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणावरूनच तो वाद निघाला होता. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खाजगी कंपन्यांनी प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, असे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर दाखविता येईल, केबलवाल्यांना देता येणार नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की, अशा सामन्याचे फुकट चित्र फ्री डिशच्या छत्रीतून हक्काने येते. हा हक्क मिळविण्यासाठी कायदा झाला, खटले झाले. आणि तो माधवनगरच्या एखाद्या घराच्या उंबरठ्यावर येऊन अडतो कशापाशी, तर खोक्याच्या बाजूला छापलेल्या एका बारीक अक्षरापाशी!

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, शिकलेला म्हणून, असल्या खरेदीच्या वेळी आपल्यालाच पुढे केले जाते. तेव्हा पुढचा चकचकीत छाप न पाहता खोके आडवे करावे, बारीक अक्षरे वाचावीत, बॉक्स लावून पाहावा आणि पावतीवर ‘एमपेग-४’ लिहून घ्यावे. शेजारच्या काकांनाही एवढे जरूर सांगावे.